१९६९ची रोडरनर: पॉवर स्टिअरिंग काढून मॅन्युअल बसवावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. गाडी १९६९ची, क्रायस्लर कंपनीची प्लिमथ रोडरनर, ३८३ घनइंचांचं इंजिन, ऑटोमॅटिक, शिफ्टर कॉलमवर, म्हणजे स्टिअरिंगच्या खांबावर. पॉवर स्टिअरिंग कारखान्यातूनच आलेलं. गॅरेजच्या फरशीवर रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो. ताशी ७० मैलांवर स्टिअरिंग इतकं हलकं लागतं, की चाकं नेमकी कुठे बघतायत ते हाताला कळतच नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कुणीतरी सल्ला दिला, की पॉवर स्टिअरिंगचा तो पंप फेकून द्या आणि मॅन्युअल बॉक्स, म्हणजे बिनपॉवरचा स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, टाका. तुम्ही २४:१ चा (आत येणाऱ्या दांड्याचे २४ फेरे, तेव्हा बाहेरच्या दांड्याचा एक) म्हणून एक जुना मॅन्युअल बॉक्स विकतही घेतलाय. गाडी अधूनमधून तुमच्या पत्नीही चालवतात. आता तुम्हाला विचारायचंय, की तो बसेल का, सोबत काय काय लागेल, आणि नंतर पस्तावायची पाळी तर येणार नाही ना.

बसेल. त्या काळातल्या क्रायस्लरच्या गाड्यांत मॅन्युअल आणि पॉवर हे दोन्ही बॉक्स के-फ्रेमवर (इंजिनाखालची आडवी चौकट) त्याच तीन बोल्टांवर बसतात. पस्तावाल की नाही, हे मात्र तुमच्या पुढच्या टायरवर, अलाइनमेंटवर आणि गाडी कुठे, कशी चालवता यावर ठरेल. मी मिशिगनमध्ये गेली पंचवीसेक वर्षं या गाड्यांच्या स्टिअरिंग-सस्पेन्शनचीच कामं करतोय. पॉवर काढून मॅन्युअल बसवलेल्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात, आणि दोन वर्षांनी पुन्हा पॉवरवर आणलेल्याही गेल्यात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यात. तेल गळतं, ही पहिली. स्टिअरिंग नको इतकं हलकं आहे, ही दुसरी. गाडी रस्त्यावर सैरभैर वाटते, ही तिसरी. मॅन्युअल बॉक्सनं पहिली तक्रार शंभर टक्के संपते आणि दुसरीही संपते. तिसरी संपेलच असं नाही, आणि तुमच्या लिहिण्यावरून तुम्हाला खरा त्रास तिसरीचाच दिसतो.

पंचावन्न वर्षांची गाडी आहे. आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूनं आधार देणारा हात) झिजलेला असतो, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकांना प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, आलेला असतो, खालच्या कंट्रोल आर्मचं आणि स्ट्रट रॉडचं रबर कडक होऊन फुटलेलं असतं. पॉवर स्टिअरिंग हा प्ले हाताला जाणवूच देत नाही. ड्रायव्हरला फक्त गाडी 'तरंगतेय' असं वाटतं. मॅन्युअल बसवलं की हाच प्ले थेट हातात येतो. एकानं माझ्याकडे गाडी आणली ती याच तक्रारीनं: बॉक्स बदलला, तर गाडी आणखी बिघडली. बॉक्सचा काहीही दोष नव्हता. आयडलर आर्म बोटानं वरखाली हलत होता, तोच आतापर्यंत लपून राहिला होता.

तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी अर्धा तास काढा. गाडी चाकांवरच उभी राहू द्या, जॅक लावू नका. इंजिन बंद ठेवा. घरातल्या कुणालातरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-दोन इंच हलवत ठेवायला सांगा आणि तुम्ही पुढे वाकून खालचा एकेक सांधा बघा, शक्य तिथे सांध्यावर बोटं ठेवा. डोळ्यांना न दिसणारा प्ले बोटांना लागतो. बॉक्सकडून सुरुवात करा: स्टिअरिंगचा दांडा फिरतोय आणि पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे ढकलणारा हात) हलत नाही, असं किती अंतर होतं? मग आयडलर, मग टाय रॉडची चारही टोकं. नंतर गाडी उचलून बॉल जॉइंट तपासा. यात जे झिजलेलं निघेल ते बदलायचंच आहे, मॅन्युअल ठेवा नाहीतर पॉवर.

आता हलकेपणाबद्दल. तुमच्या गाडीत बिघाड आहे म्हणून स्टिअरिंग हलकं आहे असं समजू नका. क्रायस्लरनं ते तसंच बनवलं होतं. १९५१च्या इम्पीरियलवर 'हायड्रागाइड' नावानं त्यांनी अमेरिकेतली पहिली पॉवर स्टिअरिंगवाली उत्पादनातली मोटार विकली, आणि एका बोटानं वळणारी गाडी ही त्या काळी मिरवायची गोष्ट होती. शोरूममध्ये ग्राहकाला तेच दाखवलं जायचं. मसल कार आल्या तेव्हा इंजिनं बदलली, स्टिअरिंगचा स्वभाव मात्र तोच राहिला.

आकडे पाहू. तुमच्या पॉवर बॉक्सचं प्रमाण १५.७:१ आहे, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन फेरे घेतं. मॅन्युअल बॉक्स २४:१ चा, त्याला ५.३ फेरे लागतात. म्हणजे त्याच वळणासाठी तुमचे हात दीडपट फिरणार. नव्या मालकाला जडपणापेक्षा हे जास्त खटकतं, आणि आधी कुणी सांगत नाही. चौकात उजवीकडे वळताना हात एकमेकांवरून दोनदा जातात. ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं तर उलट स्टिअरिंग मारायलाही तेवढेच जास्त फेरे लागतात. तुमच्या पत्नी गाडी चालवतात म्हणून हे मुद्दाम लिहितोय. त्यांना गाडी जड लागेल की नाही याआधी, घाईच्या क्षणी इतकं फिरवायची सवय दोघांच्याही हातांना आहे का, हे बघा.

मग १६:१ चा मॅन्युअल बॉक्स का नको, असं तुमच्या मनात येईल. तोही मिळतो. फेरे पॉवरइतकेच, जोर सगळा तुमचा. मी माझ्या स्वतःच्या १९७०च्या प्लिमथ डस्टरवर तो बसवला होता. तिच्यात ३४० इंजिन, म्हणजे तुमच्या ३८३पेक्षा नाकावर शंभरेक पौंड कमी वजन. मोकळ्या, वळणावळणाच्या रस्त्यावर ती गाडी मला फार आवडायची. पण किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये ती लावताना खांदा भरून यायचा, आणि एका हिवाळ्यानंतर मी ती बाहेर काढायचंच टाळू लागलो. शेवटी २०:१ चा बॉक्स टाकला, साधारण साडेचार फेऱ्यांचा. डस्टरसारख्या छोट्या गाडीला तो मध्यममार्ग उत्तम. मोठ्या इंजिनाच्या रोडरनरला मी २४चाच सुचवेन. इंजिनाला हलकी अॅल्युमिनियमची हेड्स किंवा पुढे अरुंद टायर असतील तरच २०चा विचार करा.

निर्णयाआधी एक चाचणी करा, फुकटची आहे. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा काढून ठेवा. त्या पट्ट्यावर वॉटर पंप किंवा ऑल्टरनेटर चालत नाही ना, हे आधी स्वतः डोळ्यांनी पाहा. मग रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये हळू वेगात दहा मिनिटं गाडी फिरवा, पत्नीलाही फिरवू द्या. मोठ्या रस्त्यावर नेऊ नका आणि रोज अशी चालवू नका. पंपाशिवाय चालणारा पॉवर बॉक्स हा मॅन्युअल बॉक्स होत नाही. आतलं तेल तुम्ही हातानं ढकलत असता, प्रमाण १५.७चंच असतं, आणि झडपेच्या जागी मधला थोडा रिकामा प्लेही असतो. म्हणजे जो जोर लागेल तो २४:१ च्या मॅन्युअलला लागणाऱ्या जोराच्या दीडपटीहून जास्तच असेल. त्यातूनही तुम्ही दोघं गाडी वळवू शकलात, तर मॅन्युअलचा जडपणा तुम्हाला अडवणार नाही. गाडी हलत असतानाही हात थरथरायला लागले, तर थांबा आणि पुढचा भाग नीट वाचा.

कारण जडपणा एकट्या बॉक्सवर ठरत नाही. तुमच्या गाडीला मूळचे टायर एफ७०-१४ होते, आजच्या हिशेबानं अरुंदच. आता बहुतेक लोक १५ इंची चाकांवर २३५ मिलिमीटर रुंदीचे रेडियल घालतात. पुढे २४५ असतील आणि चाकं बाहेर काढलेली असतील, तर मॅन्युअलचा नाद सोडा किंवा आधी टायर बदला. हवा ३२ ते ३५ पीएसआय ठेवा. त्या काळची पुस्तकं २४-२६ सांगतात, पण ते आकडे त्या काळच्या टायरांचे होते. स्टिअरिंग व्हील मूळचं १६ इंची ठेवा. १४ इंचांचं शोभेचं व्हील बसवलं की त्याच कामाला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो, साधा तरफेचा हिशेब आहे. एसटीच्या जुन्या गाड्यांचं ते परातीएवढं स्टिअरिंग आठवा. पॉवर स्टिअरिंग नसताना ती गाडी घाटात वळायची, ती त्या परातीच्या जोरावर आणि ड्रायव्हरच्या एका सवयीवर: गाडी किंचित हलल्याशिवाय स्टिअरिंगला हात घालायचा नाही. अॅम्बॅसेडरवर किंवा फियाटवर शिकलेल्या आपल्या पिढीला ही सवय आपोआप असते. पॉवर स्टिअरिंगवर शिकलेला माणूस उभ्या गाडीत व्हील पिळतो आणि मॅन्युअलला नावं ठेवतो.

आता कॅस्टरकडे येतो. बॉक्स बदलणाऱ्या दहातले आठजण हा विषय विसरतात. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे झुकलेला असेल तर कॅस्टर धन, पुढे झुकलेला असेल तर ऋण. धन कॅस्टर वाढवला की गाडी सरळ रेषेत ठाम चालते आणि वळणानंतर व्हील आपोआप मागे येतं. त्याची किंमत म्हणजे स्टिअरिंग जड होतं. क्रायस्लरच्या त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मॅन्युअल स्टिअरिंगला कॅस्टर उणे अर्धा अंश आहे आणि पॉवरला अधिक पाऊण अंश. मॅन्युअल गाडी हलकी वळावी म्हणून त्यांनी मुद्दाम ऋण ठेवला होता. तेव्हाच्या बायस-प्लाय (रेडियलच्या आधीच्या पद्धतीच्या) टायरांवर ते निभावून जायचं.

आजच्या रेडियल टायरवर उणे अर्धा अंश ठेवला तर ७० मैलांवर गाडी तुम्हाला सतत सावरत बसावी लागते. आणि तुमची मूळ तक्रार तीच आहे! तुमची गाडी आज कितीवर आहे ते आधी मोजून घ्या. मागच्या कुणी अलाइनमेंटवाल्यानं जुन्या पुस्तकातला आकडा बघून ती शून्याच्या आसपास सोडली असेल, तर नुसत्या कॅस्टरनं अर्धं काम होईल. पॉवर ठेवलेल्या गाड्यांना मी अधिक ३ अंशांपर्यंत नेतो. कारखान्याच्या कॅम बोल्टांवर (हे कोन जुळवायचे बोल्ट) इतकं मिळत नाही, त्यासाठी वरच्या कंट्रोल आर्मला ऑफसेट बुशिंग (भोक मध्यापासून सरकवलेली) घालावी लागतात. ती महाग नाहीत. त्या ३ अंशांवर पॉवर स्टिअरिंगचा पोरकटपणा बराच जातो, हाताला थोडं वजन येतं आणि सरळ रस्त्यावर गाडी स्वतःहून सरळ राहते. मॅन्युअलसाठी मी दीड ते दोन अंशांवर थांबतो. त्याखाली गाडी भटकते, त्यावर पार्किंग नकोसं होतं. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) दोन्हीला एक अष्टमांश इंच.

म्हणजे मॅन्युअलला कॅस्टर कमी द्यावा लागतो आणि पॉवरला भरपूर देता येतो. हायवेवर ठाम राहणारी गाडी हवी असेल तर चांगलं दुरुस्त केलेलं पॉवर स्टिअरिंग मॅन्युअलपेक्षा सरस ठरू शकतं. मेळाव्यात सल्ला देणाऱ्याच्या हे लक्षात आलं नसावं.

हे सगळं तपासूनही तुम्हाला मॅन्युअलच हवं असेल, तर मी तुम्हाला थांबवणार नाही. त्यात खरं सुख आहे. टायर रस्त्यावरच्या कोणत्या थरावर चाललाय, पकड कधी सुटायला लागलीय, ते तळव्याला कळतं. पंप, त्याचा ब्रॅकेट, होज आणि लोखंडी बॉक्स गेल्यानं नाकावरचं तीस पौंडांच्या वर वजन उतरतं, कारण मॅन्युअल बॉक्सचं घर अॅल्युमिनियमचं असतं. तो आकारानंही छोटा, त्यामुळे हेडर्स (एक्झॉस्टच्या खास नळ्या) बसवायचे असतील तर जागेची मारामारी संपते. आणि फरशी कोरडी राहते.

आणलेला जुना बॉक्स आधी टेबलावर तपासा. आतला दांडा हातानं फिरवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा. पाचाच्या वर आले तर २४चा, साडेतीनच्या आसपास आले तर १६चा. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. फिरवताना टोकाला नेऊन आपटू नका: सुट्या बॉक्समध्ये बॉल-नट (छऱ्यांवर सरकणारा आतला नट) तसा आपटला की छऱ्यांच्या परतीच्या नळ्या खराब होतात. नेमक्या मध्यावर किंचित घट्टपणा लागला पाहिजे. मध्यावर सैल आणि बाजूंना घट्ट असेल तर बॉक्स मधे झिजलाय. वरचा स्क्रू आवळून तो घट्ट करायचा मोह होईल, पण मग बाजूंना तो अडकायला लागतो. तो स्क्रू फक्त बॉक्स बरोबर मध्यावर असताना फिरवायचा असतो, तोही जरा-जरा. बोल्टांच्या कानांपाशी तडे आहेत का ते पाहा. पिटमनकडचा दांडा धरून आडवा हलवा, तिथे प्ले असेल तर बुश गेलेत.

आत काय भरायचं, हेही विचारतात. कारखान्याचं पुस्तक ९० नंबरचं गिअर ऑइल सांगतं. जुन्या सीलमधून ते पाझरतं, म्हणून इथले बरेच जण मक्याच्या कापणीयंत्राच्या तोंडात घालतात ते निम-पातळ ग्रीस वापरतात. मीही तेच घालतो. दाते फिरून गेले की ते पुन्हा जागेवर सरकून येतं. साधं चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस घालू नका, ते बाजूला ढकललं जातं आणि तिथेच बसतं.

पिटमन आर्म वेगळा लागेल. पॉवर बॉक्सचा दांडा जाड असतो, मॅन्युअलचा बारीक, आणि मॅन्युअलचेही दोन जाडींचे येतात. म्हणून दांडा कॅलिपरनं मोजल्याशिवाय आर्म मागवू नका. डार्ट-डस्टर या छोट्या गाड्यांचा आर्म रोडरनरला चालत नाही. जुना आर्म काढताना नीट पुलर वापरा. हातोड्याचे घाव बॉक्सच्या आतल्या दात्यांवर जातात. बॉक्स बाहेर आला की के-फ्रेमवरची त्याची बैठक तारेच्या ब्रशनं साफ करून बघा. या गाड्यांत तिथे तडे जाताना मी वारंवार पाहिलेत. सापडला तर त्याच वेळी वेल्डिंग करून पट्टी मारून घ्या, पुन्हा ती जागा इतकी मोकळी मिळणार नाही.

पंपाचा ब्रॅकेट निघाला की त्याचे लांब बोल्ट तसेच परत पिळू नका. ब्रॅकेटची जाडी गेल्यामुळे ते आत टेकतात. आखूड बोल्ट घ्या.

आणि आता कॉलम. हे काम बिघडतं ते इथेच, म्हणून जरा थांबून वाचा.

पॉवर बॉक्स लांबीला मोठा असतो, म्हणून त्याच्यासोबतचा कॉलमचा दांडा आखूड. मॅन्युअल बॉक्स बसवलात की तुमचा दांडा त्याच्यापर्यंत पोचणार नाही, मध्ये काही इंचांची फट राहील. शिवाय बॉक्सच्या टोकाच्या खाचाही वेगळ्या जाडीच्या. मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात मामाच्या लेथवर वाढलो. एखादा तुकडा कातून, वेल्ड करून कुठलीही फट भरता येते, हा विश्वास माझ्या अंगात आहे. तरी सांगतो, या दांड्याला वेल्डिंग लावू नका. १९६७पासूनच्या या कॉलममध्ये दांडा दोन भागांचा असतो, एक दुसऱ्यात सरकणारा, आणि त्यांना जोडणाऱ्या पिना प्लास्टिकच्या. समोरून धडक बसली तर त्या पिना तुटाव्यात, दांडा आत सरकावा आणि स्टिअरिंग तुमच्या छातीत घुसू नये, एवढ्यासाठी ती रचना आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९६८पासून ती कायद्यानं सक्तीची झाली. वेल्डिंगच्या उष्णतेनं प्लास्टिक वितळतं. ते वाचलं तरी लांबी वाढवताना सरकण्याची जागा जाते.

हातोड्याचंही तेच. कॉलमचा दांडा बॉक्सला जोडणारं कपलिंग एका रोल पिनेनं धरलेलं असतं. ती पिन नीट मापाच्या पंचनं, खाली टेकू देऊन काढायची. ती अडकली म्हणून दांड्याच्या टोकावर घाव घातले तर प्लास्टिकच्या पिना तिथेच तुटतात. असा एक कॉलम माझ्याकडे आला होता. बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. व्हील दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढलं, तर अर्धा इंच हललं आणि आत बारीक 'टिक' असा आवाज आला. मालक तीन महिने त्याच अवस्थेत गाडी चालवत होता. तुमचा कॉलम आजच असा ओढून बघा. पंचावन्न वर्षांत कुणी काय केलंय ते माहीत नसतं.

उपाय दोन. एक म्हणजे मॅन्युअल स्टिअरिंगचा कॉलम शोधणं. तुमच्या बाबतीत ते अवघड आहे, कारण तो १९६९चाच हवा. १९७०पासून किल्ली डॅशबोर्डवरून कॉलमवर गेली, त्यामुळे पुढच्या वर्षीचा जसाच्या तसा बसत नाही. शिवाय शिफ्टर कॉलमवरचा हवा. दुसरा उपाय म्हणजे पॉवरचा दांडा मॅन्युअल बॉक्सला जोडणारं तयार कपलिंग. या कामासाठी ते बनवून विकलं जातं. मी तुम्हाला तेच सुचवेन. मागवताना दोन्ही टोकांची मापं द्या आणि बसवताना दांडा आत किती गेलाय ते खूण करून पाहा. सेट स्क्रूला दांड्यावर खड्डा पाडून घ्या, नुसता गुळगुळीत दांड्यावर आवळू नका.

हे वाचून दमला असाल तर पॉवर ठेवूनच सुधारण्याचे मार्गही सांगतो. गळती बहुधा होज, पंपाची टाकी किंवा पिटमनकडचं सील इथून असते. तिन्ही बदलता येतात, आणि दांडा खड्डे पडून गंजलेला नसेल तर बॉक्स कोरडा राहतो. क्रायस्लरचे हे बॉक्स हाताला जास्त जड लागतील असे रीबिल्ड करून देणारी दुकानं आहेत. आतल्या झडपेचा प्रतिसाद बदलतात आणि तुमच्या पसंतीनं कमी-जास्त भारीपणा देतात. गाडी सुरू करताच व्हील आपोआप एका बाजूला ओढत असेल, तर ती झडपेच्या जुळणीची चूक आहे. झडपेचं घर बॉक्सच्या डोक्यावर दोन बोल्टांवर असतं. ते किंचित सैल करून हलक्या ठोक्यानं वर किंवा खाली सरकवलं की थांबतं. कंट्रोल आर्मच्या बुशिंगसह हा सगळा खर्च मॅन्युअलच्या बदलापेक्षा फार वेगळा निघत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मॅन्युअल बॉक्स आणि डॅशबोर्डखाली कॉलमवर विजेची मोटार. लोक यासाठी सॅटर्न व्ह्यूसारख्या, २००० नंतरच्या गाड्यांची यंत्रणा वापरतात. चांगली चालते, पण ती बरीच वीज खाते, मूळचा ऑल्टरनेटर पुरत नाही, आणि कॉलम कापावा लागतो. कॉलम कापण्याबद्दल माझं मत वर आलंच आहे. केलं तर पूर्ण तयार कॉलम मिळतो तोच घ्या.

तुमच्या जागी मी असतो, तर आधी सांधे, मग अधिक ३ अंश कॅस्टर आणि गळतीची दुरुस्ती करून याच पॉवर बॉक्सवर एक मोसम गाडी चालवली असती. मॅन्युअल बॉक्स फळीवर ठेवला असता, तो कुठे जात नाही. महिन्यातून एकदा गावाबाहेरच्या रस्त्यावर रमायला काढायची गाडी असती आणि चालवणारा मी एकटाच असतो, तर उद्याच मॅन्युअल बसवला असता. दोघांनी, हायवेनं, मुलांकडे जायची गाडी असेल तर नाही.

मॅन्युअल बसवलाच, तर पहिल्या ५०० मैलांनंतर बॉक्सचे तिन्ही बोल्ट, पिटमनचा नट आणि कपलिंगचे स्क्रू पुन्हा तपासा. पिटमनचा नट फार मोठ्या टॉर्कचा आहे, साध्या पान्यानं अंदाजे आवळू नका, सर्व्हिस मॅन्युअलचा आकडा घ्या. आता फळीवरच्या बॉक्सचे फेरे आणि पिटमनकडच्या दांड्याची जाडी मोजून कळवा. सोबत पुढच्या टायरचा नंबर आणि आजचा कॅस्टर किती तेही लिहा. मग कुठला आर्म आणि कुठलं कपलिंग मागवायचं ते नेमकं सांगतो.